वृंदावनाच्या आत

भंडाऱ्याच्या त्या सभागृहातल्या स्टेजला खड्डा नव्हता. सिमेंटची सलग, गुळगुळीत जमीन. मी तिच्यावर चपलेचं टोक घासून पाहिलं. कुठे तरी झाकण असेल आणि ते फक्त मलाच दिसत नसेल, असं वाटत होतं. झाकण नव्हतं. तसं हे मला पंधरा दिवसांपासून माहीत होतं. स्टेजला खड्डा नाही ही बातमी मीच गावात नेली होती, आणि तिच्यावरचा उपाय आमच्याबरोबर ट्रकमधून आलाही होता. पण माहीत असणं वेगळं आणि पायाखाली लागणं वेगळं. आमच्याकडे नाटक ठरलं की आधी खड्डा खणतात. मंडप नंतर, पडदे नंतर, आणि हिरॉईन वडशाहून शेवटच्या बसने. स्टेजच्या पुढच्या कडेला मधोमध कंबरेएवढा खड्डा, त्यात स्टूल, स्टुलावर प्रॉम्टर, त्याच्या मांडीवर वही, आणि प्रेक्षकांच्या बाजूने डोक्यावर टिनाचं टोपरं. वाक्य आधी खड्ड्यातून येतं, मग नटाच्या तोंडातून. पाठ कोणीच करत नाही. धानाची रोवणी, कापणी, चुरणी यांतून उरलेला वेळ माणूस पाठांतरात घालवेल, असं आमच्या भागात कोणाला सुचलेलंही नाही. प्रेक्षकांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. त्यांची तक्रार नसते. एकोडीच्या नवयुवक हनुमान नाट्य मंडळाचा प्रॉम्टर म्हणून मी बावीस वर्षं त्या खड्ड्यात काढली होती. मंडळातला सर्वांत तरुण नवयुवक तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. मी चव्वेचाळीसचा. दिवसा मी शाळेचा हेडमास्तर, बी.ए., आणि खड्ड्याबाहेर मला चार माणसांसमोर दोन वाक्यं बोलायची झाली तरी तळहाताला घाम सुटे, हे मात्र कोणाला माहीत नव्हतं. कारण शाळेत समोर मुलं असतात, आणि मुलांना मी माणसांत धरत नसे.

त्र्याऐंशी साली सरकारने ग्रामीण कलावंतांना अनुदान देऊन शहरातल्या कला महोत्सवात आणायचं ठरवलं. अर्ज मी लिहिला. मंडळाचा सेक्रेटरी मीच, कारण सही न थरथरता करणारा दुसरा कोणी नव्हता. अर्जासोबत अटी होत्या. अट क्रमांक सात: सादरीकरणात सूचकाचे साहाय्य घेता येणार नाही, घेतल्याचे आढळल्यास अनुदान रद्द होऊन खोटे प्रतिज्ञापत्र देणाऱ्यावर कारवाई होईल. सूचक म्हणजे मी. हे कळायला मला सुद्धा एक क्षण लागला. इतक्या शुद्ध शब्दात मला आजवर कोणी हाक मारली नव्हती. मी भय्याजींच्या ओसरीवर अट वाचून दाखवली. भय्याजी म्हणजे आमचे कायमचे बाप: नाटक कोणतंही असो, त्यातल्या बापाचं काम त्यांचं. मिशा, आवाज आणि राइस मिल, तिन्ही मोठ्या. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “मंग पाठ करू.” सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले. भय्याजींना स्वतःच्या मिलचा पत्ता सांगताना बायकोकडे पाहावं लागतं. आठ दिवस प्रयत्न झाला. आठव्या दिवशी भय्याजी आत गेले, पाणी प्यायले, बाहेर आले आणि मला म्हणाले, “मास्तर, तुमी सही करून टाका. तुमाले लपवाचं आमच्याकडं लागलं.” मी म्हटलं, “भय्याजी, माझी नोकरी जाईल.” ते म्हणाले, “लपलेल्या मानसाची कायले जाते?” या वाक्यात चूक कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही. मी सही केली. प्रतिज्ञापत्रावर, हेडमास्तरच्या शिक्क्यासह, पदाच्या गोल शाईत, असं लिहून दिलं की मी नसेन.

उपाय तेजरामने शोधला. तेजराम आमचे पडदे रंगवतो; राजवाडा, जंगल आणि रस्ता हे तिन्ही त्याच्या हाताने एकसारखेच हिरवे होतात. नाटकातला प्रसंग अंगणातला, तर अंगणात तुळशी वृंदावन हवंच. त्याने बांबूचा सांगाडा केला, त्याला तट्टा बांधला, वर मांजरपाट ताणून विटा रंगवल्या, पुढे दिव्याचा कोनाडा ठेवला आणि कोनाड्याच्या मागे काळ्या कापडाची जाळी. वर कुंडीत खरी तुळस. आत मी, उकिडवा, वही मांडीवर आणि हातात बॅटरी. “आरामात बसा, मास्तर,” तेजराम म्हणाला, “देवाच्या जागी बसाले भेटून राहिलं तुमाले.” भीती वाटत असताना माणूस विनोदाला हसतो, तसा मी हसलो. दुपारी दोनला आमचा नंबर होता. आमचं दर वर्षीचं ठरलेलं, रात्री नऊला सुरू होऊन उजाडेपर्यंत चालणारं नाटक पंचेचाळीस मिनिटांचं करून आणलं होतं. सगळे खून गाळले होते, दोन गाणी आणि बापाचं परत येणं तेवढं ठेवलं होतं.

पावणेदोनला मी आत शिरलो आणि वरून तुळशीची कुंडी ठेवली गेली. मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. खड्ड्यात आकाश असतं. कितीही खोल असला तरी मान वर केली की वर काही तरी असतंच. इथे वर कुंडीचं बूड होतं. तट्ट्याच्या विणीतून उजेडाचे बारीक चौकोन माझ्या शर्टावर पडले होते आणि मी श्वास घेतला की ते हलत. कोणाला बाहेरून वृंदावन श्वास घेताना दिसेल, असं मनात आलं आणि मी श्वास रोखला. मग श्वास रोखल्याने तो जोरात सुटेल, अशी नवी भीती. बाहेर बुटांचा आवाज आला. बूट म्हणजे आमच्यातला कोणी नाही. सफारी घातलेला एक तपासनीस स्टेजवर फिरत होता. मी सकाळपासून त्याला पाहत होतो. आमच्या आधीच्या मंडळाची पेटी त्याने उघडून पाहिली होती, आणि पडद्यामागच्या एका म्हाताऱ्याला, जो फक्त जेवत होता, तू काय बोलतोयस असं विचारलं होतं. बूट जवळ आले. थांबले. पेन्सिलीचं टोक मांजरपाटावर टकटक वाजलं, माझ्या कानापासून चार बोटांवर. माझ्या डोक्यात शिक्का दिसला, गोल, त्यात माझं पद. “हे काय आहे?” आवाज आला. “तुळस होय साहेब,” तेजराम म्हणाला. “ते दिसतंय. आत काय आहे?” तेवढ्यात सुनेचं काम करणाऱ्या बेबीबाईचा आवाज, करकरीत: “साहेब, पायताण काढा आंधी! तुळशीपाशी बूट घालून उभे राहिले, काही वाटते का नाही?” बुटांनी एक पाऊल मागे घेतलं. मग आणखी एक. बूट काढणं त्याला शक्य नव्हतं; महोत्सवाचा बिल्ला असलेला माणूस अनवाणी फिरू शकत नाही. तो गेला. मी श्वास सोडला, आणि तो थांबवता आला असता तर बरं झालं असतं असं वाटलं, कारण तो घोड्यासारखा निघाला.

पडदा उघडला. जाळीतून मला फक्त पाय दिसत होते, आणि कोणी दोन पावलं मागे गेलं की कंबरेपर्यंत माणूस. त्यापलीकडे सभागृह, म्हणजे काळोख, म्हणजे हजारेक माणसं खुर्चीत हलण्याचा एक जाडसर आवाज. मी सुरुवात केली. कुजबुज, पण टोकदार. वर टांगलेल्या माइकला कळू नये आणि इश्वरला कळावं. इश्वर म्हणजे मुलाचं काम करणारा. तो एका डोळ्याने बापाकडे पाहतो आणि एका कानाने माझ्याकडे. पहिली दहा मिनिटं बरी गेली. बावीस वर्षांचा हात होता. माझ्या तोंडातून निघालेलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडात मोठं होऊन बाहेर पडतं, तेव्हा मला जे वाटतं त्याला नाव नाही. उन्हात वाळत घातलेल्या आपल्याच धोतराकडे दुरून पाहताना वाटतं तसं काही तरी. ते आपलं असतं आणि आपण त्यात नसतो. सुरक्षित वाटतं. मी तेवढ्यासाठीच आलो होतो आयुष्यभर, असं म्हणायला हरकत नाही.

मग बेबीबाईचा प्रवेश आला. सुनेने तुळशीला पाणी घालायचं आणि गाणं म्हणायचं. तालमीत ती तांब्या नुसता तिरका करी. पण तालीम मिलमध्ये झाली होती आणि तिथे तुळस नव्हती, पोतं होतं. इथे खरी तुळस, समोर पाहुणे, आणि बेबीबाई उपाशी. प्रयोगाच्या दिवशी प्रयोग होईपर्यंत ती अन्न घेत नाही. रिकामा तांब्या तुळशीपुढे तिरका करणं म्हणजे घराला अपशकुन, हे तिने तेजरामला सकाळीच सांगितलं होतं. तेजराम मला सांगायला विसरला. आणि कुंडीच्या बुडाला छिद्र होतं, कारण छिद्र नसलेल्या कुंडीत तुळस मरते, आणि मेलेली तुळस स्टेजवर ठेवायला तेजराम काही अधर्मी नव्हता. सगळ्यांनी आपापल्या परीने योग्य तेच केलं. मला कुंडीवर पाण्याचा आवाज ऐकू आला. वाकून तिने भरलेला तांब्या, सावकाश, धार न तोडता, पूर्ण ओतला. पाणी आधी मानेवर आलं. गार. माती मिसळलेलं. मी ओरडलो नाही. त्याचा मला आजही अभिमान आहे. मग ते वहीवर आलं. वही मी स्वतः उतरवली होती, जांभळ्या शाईने, मोकळ्या वळणदार अक्षरात. बॅटरीच्या उजेडात ती अक्षरं आधी फुगली, मग एकमेकांत गेली, आणि पान पुसल्या पाटीसारखं, फक्त जांभळं, माझ्या मांडीवर उरलं. पुढचं पान उलटलं. तेही जांभळं. बाहेर बेबीबाईचं गाणं संपलं. टाळ्या. बापाच्या चपलांचा आवाज. भय्याजी अंगणात आले. बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला बाप परतला होता, मुलगा त्याला ओळखत नव्हता, आणि आता बापाचं मोठं भाषण होतं, नाटकातलं सगळ्यात मोठं, तीन पानांचं.

मला ते पाठ असेल अशी माझी समजूत होती. बावीस वर्षं वाचलं होतं. तोंड उघडलं आणि कळलं की मी फक्त वाचलं होतं. त्या मंडळात ज्याला काहीच पाठ नाही असा आणखी एक माणूस होता, आणि तो मी. भय्याजी माझ्यासमोर उभे. मिशीवर हात फिरवला. खाकरले. उजवीकडे तीन पावलं गेले, परत आले. “हं?” ते हलकेच म्हणाले, तुळशीला. मग शांतता झाली. मला ती लगेच ओळखू आली. ती पंचवीस वर्षांपूर्वी लाखांदूरच्या मंडईत झाली होती. दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भर दुपार, पाळणे, शेवेचा वास, आणि फळ्यांच्या स्टेजवर मी, एकोणीस वर्षांचा, भंडाऱ्याच्या कॉलेजातून आलेला, गावातला पहिला मॅट्रिकच्या पुढे गेलेला. खड्ड्यात त्या दिवशी कोणी नव्हतं, कारण प्रॉम्टरची गरज मला नाही असं मी सांगितलं होतं. पहिलं वाक्य आलं नाही. दुसरं असतं ते पहिल्यावाचून येत नाही. तोंड उघडं राहिलं आणि मिटता येईना. त्यात ऊन गेलं, धूळ गेली. लोक हसले असते तर बरं. ते हसले नाहीत, वाट पाहत राहिले. तिसऱ्या रांगेत बाबा होते, छत्री घेऊन, नवा फेटा बांधून. माझे बाबा, ताराचंद पाटील, कधी नाटकाला जात नसत. ते उठले. रांगेतल्या माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत, कोणाकडे न पाहता, निघून गेले. परतीच्या एस.टी.त ते पुढच्या बाकावर होते आणि मी त्यांच्या मागे. त्यांच्या शेजारच्या माणसाने, चांगल्या मनाने, विचारलं, “तो मुका उभा राहिलेला पोरगा तुमच्याच गावचा म्हनते. तुमचा कोन?” बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. धानाची कापणी चालू होती. “कोनी नाही,” ते म्हणाले. नंतर अकरा वर्षं आम्ही एका घरात राहिलो, बैलांविषयी, पाटाच्या पाण्याविषयी, माझ्या लग्नाविषयी बोललो, आणि हे वाक्य आमच्यामध्ये भिंतीतल्या खुंटीसारखं राहिलं; त्यावर कोणी काही टांगलं नाही. मग ते वारले.

बाहेर एक खुर्ची करकरली. सफारीवाला विंगेत पुढे सरकल्याचं मला बुटांवरून दिसलं. भय्याजींनी तिसऱ्यांदा मिशी पिळली. चौथ्यांदा पिळण्यासारखं तिच्यात काही उरलं नव्हतं. मी बोललो. मी ठरवलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो, माझ्या शपथेची किंमत आता काहीही असो. “मी उठून गेल्तो,” मी म्हणालो. “मी उठून गेल्तो!” भय्याजी गरजले. त्यांना काही वेगळं वाटलं असावं, कारण वहीतला बाप ‘प्रस्थान केले’ असं बोलत असे आणि त्या शब्दावर ते दर वर्षी अडखळत. “मंडईतून उठून गेल्तो. तू तोंड उघडून उभा होता. मले पाहवलं नाही.” “मंडईतून उठून गेल्तो,” भय्याजी म्हणाले, या वेळी हळू, स्वतःच्या आवाजात, “तू तोंड उघडून उभा होता. मले पाहवलं नाही, बापू.” ‘बापू’ हा लाडाचा शब्द त्यांनी स्वतःचा घातला. माझ्या अंगावर काटा आला. पाण्याने असेल. मी थांबायला हवं होतं. थांबलो तर शांतता होती. “गाडीत त्या मानसानं विचारलं, हा तुमचा कोन? मी म्हनलो, कोनी नाही. काहून म्हनलो, मले मालूम नाही.” भय्याजींनी ते सगळं उचललं, शब्दाला शब्द, आणि शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज फाटला. मी जाळीतून पाहिलं. कंबरेपर्यंत एक माणूस, धोतर, बगलेत छत्री. छत्री वहीतच होती, दर वर्षी असे. मला ती आज पहिल्यांदा दिसली. मी इतका घाबरलो की बॅटरी विझवली. मेलेल्या माणसाच्या तोंडी मी जे घातलं होतं ते तो कधीच बोलला नव्हता. म्हणजे हेही खोटं प्रतिज्ञापत्रच, आणि यावर कोणाचा शिक्का चालतो ते मला माहीत नव्हतं.

आता मुलाचं उत्तर हवं होतं. इश्वर वृंदावनाकडे कान देऊन उभा. पंचवीस वर्षं मी उत्तरं रचत आलो होतो: शाळेला जाताना, वह्या तपासताना, बाबांना खांदा देताना सुद्धा. काही फार चांगली होती. त्यातलं एकही आलं नाही. “जेवाले बसा, बाबा,” मी म्हणालो. “जेवाले बसा, बाबा,” इश्वर म्हणाला, आणि बेबीबाई, जिचं त्या प्रवेशात रडणं नव्हतं, भडाभडा रडायला लागली. विंगेतून तेजरामने पडदा ओढला. नाटक इथे संपतं की नाही हे त्याला माहीत नव्हतं, पण यापुढे काही व्हावं असं त्याला वाटलं नसावं.

टाळ्या खूप झाल्या. मी आतूनच ऐकत होतो, कारण पडदा पडला तरी मला बाहेर निघता येत नव्हतं. पडदा लगेच पुन्हा उघडला गेला. प्रमुख पाहुणे प्रमाणपत्रं द्यायला वर येत होते. मुंबईहून आलेले मोठे अधिकारी, अट क्रमांक सात त्यांच्याच सहीने निघालेली. माइकचा दांडा कोणी तरी वृंदावनाच्या शेजारी आणून ठेवला, कारण वृंदावन शोभून दिसत होतं. पाहुण्यांनी बूट काढले. मला त्यांचे मोजे दिसले, एकाला अंगठ्याशी भोक होतं. “आत्ता आपण जे पाहिलं,” ते म्हणाले, “त्यात पाठांतर असं जाणवलंच नाही. जणू माणसं स्वतःचंच बोलत होती. आणि तेही सूचकाशिवाय.” टाळ्या. “मी अभिनंदन करतो त्या मंडळाचं, त्या... त्या...” ते थांबले. खिसे चाचपल्याचा आवाज आला. कागद खुर्चीवर राहिला असावा. “त्या... या...” मी मान वाकडी करून वर पाहिलं. खालून त्यांचा चेहरा दिसत होता. तोंड उघडं होतं. ते मिटत नव्हतं. सभागृह गप्प झालं. कोणी हसत नव्हतं, सगळे वाट पाहत होते. मोज्यातला अंगठा आत ओढला गेला. माझ्या छातीत धडधड सुरू झाली, माझ्यासाठी नव्हे, आणि हेच सगळ्यात भयंकर होतं. मला शिक्का दिसत होता, नोकरी दिसत होती, विंगेतले बूट दिसत होते, आणि तरी माझे ओठ हलले.

“नवयुवक हनुमान नाट्य मंडळ, एकोडी,” मी म्हणालो.

“नवयुवक हनुमान नाट्य मंडळ, एकोडी,” ते म्हणाले.

टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत ते हळूच वळले. तुळशीला हात जोडले आणि वाकले, खूप वाकले, इतकं की लोकांना त्यांची श्रद्धा दिसली असेल. कोनाड्याच्या जाळीपलीकडे एक डोळा आला. माझा डोळा इकडे. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता. मी हात जोडायला गेलो तर आत हात जोडायला जागा नव्हती. त्यांच्या कपाळावर घाम होता. ओठ जेमतेम हलले.

“पुढे?” ते म्हणाले.

मी सांगत गेलो. मी म्हणालो भय्याजी, पाहुणे उभे राहून मोठ्याने म्हणाले भय्याजी, आणि भय्याजी छत्रीसकट पुढे आले. इश्वर. बेबीबाई. पडदे रंगवणारे तेजराम. एकेक नाव माझ्या ओल्या तोंडातून निघून त्यांच्या तोंडात मोठं होत होतं, एकेक माणूस पाटीसारखं प्रमाणपत्र छातीशी धरून रांगेत उभा राहत होता. मला माहीत होतं, यादी संपत आली आहे. ते पुन्हा वाकले. या वेळी डोळा जास्त वेळ थांबला, आणि त्यात मला वाटतं दया होती, किंवा कुतूहल. अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत त्यातला फरक करता येत नाही.

“आणखी कोण?” त्यांनी विचारलं.

मानेवरून पाण्याचा एक थेंब पाठीत उतरला. बाहेर सगळे थांबले होते.

“कोणी नाही,” मी म्हणालो.

ते सरळ झाले, माइकजवळ गेले. “कोणी नाही,” त्यांनी सभागृहाला सांगितलं, स्वच्छ, खणखणीत, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. बावीस वर्षांत माझं वाक्य इतकं अचूक कोणीच उचललं नव्हतं.